अल्पभूमीचा संसार
(महोत्सवी सभेपुढील भाषण)



अशा मंगल प्रसंगीं शेतीचा विषय काढला याचें कोणास नवल वाटेल. परंतु ज्या तरुणांच्या वांट्यास दोन-तीन एकरांचें वडिलार्जित रान आलें आहे, आणि तें विकून पुण्यास जावें कीं कसून पाहावें हा ज्यांस पेच पडला आहे, त्यांच्यासाठींच मी चार शब्द बोलणार आहें.

आपला सोलापूर प्रांत अवर्षणाचा. पाऊस थोडा आणि लहरी. त्याचा मोठा भाग सप्टेंबरांत पडावयाचा. म्हणूनच इ. स. १९३३ मध्यें येथें कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. त्यांतून निघालेली पद्धति अगदीं साधी आहे: बांध घालून पाणी अडवावें, शेणखत द्यावें, बीं विरळ पेरावें आणि कोळपें पुनःपुन्हां फिरवावें. कोळप्यानें काळ्या रानाच्या भेगा बुजतात व आंतील ओल उडून जात नाहीं. त्या ओलीवरच आपली मालदांडी पोसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; पण माझ्या मतें तिचा खरा मान असा, कीं ती माणसास भाकरी देते आणि जनावरास कडबा.

उजनी धरण झाल्यापासून उसाचा लोभ वाढला. उसास मी नांवें ठेवीत नाहीं. मात्र त्याचें बिल हातीं येण्यास वर्ष-दीड वर्ष लागतें, आणि तोंवर नवख्या माणसाचें घर कर्जावर चालतें. विहीर आटली तर कर्ज तेवढें उरतें.

याउलट आपल्या शेजारीं लातूर-धाराशिवकडे पाहा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथें स्त्रियांची संघटना करणाऱ्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें पुढें एका एकराची शेती रुजविली. घरांतील बाईनें पति-सासऱ्यांजवळून अर्धा-एक एकर मागून घ्यावयाचा आणि तेथें काय पेरावें हें तिनेंच ठरवावयाचें. धान्य, डाळी, भाजीपाला सारें एकत्र. बीं घरचें, खतही घरचें. आधीं चुलीपुरतें, उरेल तें आठवड्याच्या बाजारांत. या कार्यास २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. (जमीन मागण्याचें धैर्य हेंच त्यांतील कठीण काम असावें, असें मला वाटतें!) अनेक पिकें असल्यामुळें एक बुडालें तरी घर बुडत नाहीं.

तरुणांस खोटी आशा मी दाखविणार नाहीं. दमलेली जमीन एका पावसांत सुधारत नाहीं. पहिलीं दोन-तीन वर्षें घरांतील एकानें बाहेरची मजुरी किंवा नोकरी धरून ठेवावी, चार शेळ्या व कांहीं कोंबड्या पाळाव्या, आणि बियाण्यासाठीं सावकाराच्या ओट्यावर चढूं नये. जमीन विकावयाची झाल्यास ती चार वर्षांनींही विकतां येते. विकलेली मात्र परत मिळत नाहीं.

ज्यांस येत्या रब्बीसाठीं एक एकर राखावयाचा असेल, त्यांनीं घरच्या लक्ष्मीचा सल्ला आजच घ्यावा. बांधबंदिस्ती मृगापूर्वीं, उन्हाळ्यांतच उरकावी लागते.