चूक एक, शब्द अनेक

दुकानातून आणलेल्या पावतीच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ अशी अक्षरे आपण पाहिली असतील. चूकभूल द्यावी घ्यावी. इंग्रजी पावतीवर त्याच जागी ‘ई. अँड ओ. ई.’ असते, म्हणजे एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड. पहा कसे जुळते ते! एरर म्हणजे चूक, ओमिशन म्हणजे भूल, राहून गेलेली गोष्ट.

पण जुळणी इथेच संपते. आपण पोती मोजताना चुकतो, हिशेबात चुकतो, पावसाच्या अंदाजात चुकतो, माणूस ओळखण्यात चुकतो. आणि रानात वाटही चुकतो. चुकणे एकच. इंग्रजीत मात्र जशी चूक, तसा शब्द. त्यातले बरेचसे क्रियापदाला पुढे ‘मिस’ लावून होतात. ही ‘मिस’ म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत, बरं का! तिचा अर्थ ‘चुकीच्या रीतीने’.

पहिला शब्द मिसकाउंट. नगामागे नग मोजताना एखादा सुटला किंवा दोनदा धरला, की झाले मिसकाउंट. ही चूक राजदरबारीही होते. इ. स. पू. 45 मध्ये ज्युलियस सीझरने रोमची नवी दिनदर्शिका सुरू केली. दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा होता. पुढच्याच वर्षी सीझर मारला गेला आणि मोजणी पुरोहितांच्या हाती राहिली. त्यांनी पहिले वर्षही धरून ‘चौथे’ मोजले, आणि दर तीन वर्षांनीच दिवस वाढत गेला. पुढे ऑगस्टस बादशहाने काही लीप वर्षे गाळली, तेव्हा मेळ बसला. पुरोहितांना हसू नका. आपणही सोमवारी ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो आणि माणूस पुढच्या सोमवारीच येतो! दोन्ही सोमवार धरले की आठ होतात. इंग्रजाचा फोर्टनाइट चौदा रात्रींचा, आपले दोन आठवडे पंधरा दिवसांचे. दोघेही बरोबर, फक्त कोणाची रीत चालली आहे ते ठाऊक हवे.

दुसरा मिसकॅलक्युलेट. कॅलक्युलसचा लॅटिन अर्थ खडा. खडे मांडून हिशेब करीत, त्यावरून हा शब्द आला. इथे नग सुटत नाही, रीत किंवा आकडा चुकतो. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका मोठ्या विमानाला 22,300 किलो इंधन लागणार होते. देश तेव्हा पौंड सोडून किलोकडे वळत होता. लिटरचे वजन काढताना लोकांनी 1.77 ने गुणले. तो आकडा पौंडांचा होता, किलोसाठी 0.8 च्या आसपासचा हवा होता. गुणाकार केला, पडताळलाही. पण टाक्यांत निम्म्याहूनही कमी इंधन होते. 41 हजार फुटांवर इंजिने बंद पडली. विमानात 69 माणसे होती. वैमानिकाने ते तरंगवत नेले आणि गिमली गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. सगळी वाचली.

आता अंदाज. अंडरएस्टिमेट म्हणजे अंदाज कमी धरणे, ओव्हरएस्टिमेट म्हणजे जास्त धरणे. कोलंबसाने पृथ्वी लहान धरली. कॅनरी बेटांपासून पश्चिमेकडे जपान सुमारे साडेचार हजार किलोमीटर असेल, असा त्याचा हिशेब; खरे अंतर त्याच्या चौपटीहून अधिक. 1492 मध्ये वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून बरे, नाहीतर शिधापाणी कुठले पुरते! कोशात अंडरएस्टिमेटला ‘कमी लेखणे’ दिलेले आढळते. पण कमी लेखण्यात आपल्याकडे तुच्छता येते. माणसाला कमी लेखावे. पिकाला किंवा अंतराला नव्हे.

शिक्षकमित्रांनी आणखी एक खाचखळगा सांभाळावा. ‘या कामाचे महत्त्व कॅनॉट बी ओव्हरएस्टिमेटेड’ असे वाक्य आले, की मुले लिहितात, ‘या कामाला फार महत्त्व देऊ नये.’ अर्थ नेमका उलटा! कितीही महत्त्व दिले तरी ते जास्त होणार नाही, असे लेखकाला म्हणायचे असते. ओव्हरसाइट तर दुतोंडी आहे. एकदा त्याचा अर्थ नजरचूक, तर एकदा देखरेख. मागचेपुढचे वाक्य वाचल्याशिवाय भाषांतराला हात घालू नये.

राहिला मिसजज. हा शब्द मी फार उशिरा शिकलो, म्हणजे कोशातला अर्थ ठाऊक होता, एवढेच. वर्गात मी विचारले होते, शंभर फूट कुंपणाला दर दहा फुटांवर खांब, तर खांब किती? सगळ्यांनी दहा सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘अकरा, गुरुजी.’ मी म्हणालो, ‘भागाकार तरी नीट शिक रे,’ आणि वर्ग हसला. तो खाली बसला. पुढे शाळेच्या बागेला कुंपण घालताना मी हिशेबाने दहा खांब आणवले. शेवटच्या टोकाला तार बांधायला खांबच नव्हता. मुलगा तिथेच पहार घेऊन उभा होता. घरी बापाबरोबर कुंपणे घालणारा तो. माझा भागाकार बरोबर होता. दहा भाग पडतात, पण टोके अकरा असतात, हे त्याने हाताने शिकले होते. खांब कमी पडला, ते मिसकॅलक्युलेट. त्या पोराला मी मठ्ठ ठरवले, ते मिसजज. पहिली चूक त्याच संध्याकाळी एका खांबाने भरून निघाली. दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर, मी त्याला म्हणालो, ‘अकराच बरोबर, मी चुकलो.’ तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून पुढच्या बाकावर येऊन बसू लागला.