उपचार संपतात तिथून पुढे



मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करताना आईवडील बहुधा एकच प्रश्न विचारतात, "किती दिवसांत बरा होईल?" प्रश्न साहजिक आहे. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढणाऱ्याची पुडी बंद झाली की त्याला टर्की सुरू होते. नाकाडोळ्यांतून पाणी, हातापायांत कळा, उलट्या, जुलाब, झोप नाही. पहिले दोनतीन दिवस हा त्रास फार असतो, आठवडा-दहा दिवसांत बराचसा ओसरतो, आणि औषधांनी तो सुसह्य करता येतो. दारूचं जरा वेगळं आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पण शरीरातून नशा उतरवणं हा उपचारातला सगळ्यात छोटा भाग झाला. मोठा भाग सुरू होतो तो माणूस बॅग घेऊन घरी परत येतो तेव्हा. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

एक जुना अभ्यास सांगतो. 1971 साली अमेरिकी सरकार मोठ्या चिंतेत पडलं होतं. व्हिएतनामच्या युद्धावर गेलेले त्यांचे सैनिक तिथे सर्रास हेरॉइन घेत होते. हे हजारो तरुण मायदेशी आल्यावर काय होणार? ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्या वर्षी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. तिथे असताना साधारण पाचातला एक सैनिक हेरॉइनच्या पुरता आहारी गेला होता. पण घरी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम 5 टक्के पुन्हा त्या व्यसनात अडकले. बाकीचे सुटले, आणि त्यातल्या बहुतेकांनी काहीच उपचार घेतले नव्हते. युद्धाची भीती मागे राहिली होती, स्वस्त हेरॉइन मागे राहिलं होतं, सोबत ओढणारे पांगले होते आणि घरी माणसं वाट पाहत होती.

आपल्या मुलांच्या वाट्याला हे येत नाही. केंद्रातून सुटलेला मुलगा त्याच गल्लीत परततो. पुडी देणारा त्याच कोपऱ्यावर उभा असतो, जुनी टोळी संध्याकाळी दारात हाक मारते, हाताला काम नसतं आणि घरात प्रत्येकाची नजर त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासत असते. जागा बदलणं फार थोड्यांना परवडतं. म्हणून मी म्हणतो, जागा बदलता येत नसेल तर त्या जागेतल्या माणसांनी बदललं पाहिजे.

महाराष्ट्रात हे ज्यांनी लवकर ओळखलं त्यांत पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानाने 1 लाख रुपयांची देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, म्हणजे सगळ्यांच्या सुनंदाताई, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात ऑगस्ट 1986 मध्ये मुक्तांगण सुरू झालं. तिथली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. नवा पेशंट थापा मारायला लागला की समोरचा हसतो, कारण या थापा त्याने स्वतः मारलेल्या असतात. दुसरी गोष्ट म्हणजे पेशंटच्या बायकांसाठी चालवलेला 'सहचरी' गट. नवऱ्याचं पिणं लपवण्यात, उधाऱ्या फेडण्यात आणि रात्री दाराकडे कान लावून बसण्यात ज्या बाईची वर्षं गेली, तिलाही उपचारांची गरज असते. ती तिथे पहिल्यांदा मोकळेपणाने रडते, आणि समोरची तिला सांगते, "अगं, माझ्याकडेही हेच."

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचाही पाया हाच, एका व्यसनी माणसाने दुसऱ्याला दिलेला आधार. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी शेअर बाजारातला एक दारुडा एका दारुड्या सर्जनला भेटला, दोघे बोलत बसले आणि दोघेही टिकले. आज आपल्याकडेही शहरोशहरी या सभा होतात. फी नाही, नाव-गाव कोणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा वेगळ्या असतात.

आता आधार म्हणजे काय, हे जरा नीट बोलू या, कारण इथे चांगल्या घरांची फसगत होते. मुलाचं कर्ज गुपचूप फेडणं, त्याच्या साहेबांना "ताप आलाय" असा फोन करणं, भांडण नको म्हणून हातावर शंभराची नोट ठेवणं, हे सगळं मायेपोटी होतं आणि व्यसनालाच पोसतं. सुरुवातीचे काही महिने पैशांचा व्यवहार घरच्या दुसऱ्या माणसाकडे ठेवावा, आणि तो त्याला सांगून, त्याच्या संमतीने ठेवावा. चोरून खिसे तपासू नयेत. चहाभाजीत औषध कालवणं तर मुळीच नको. दारू सोडवणाऱ्या काही गोळ्यांवर माणूस दारू प्यायला तर जीवावर बेतू शकतं. गोळी त्याला माहीत असलीच पाहिजे.

आणि घसरण. बरा झालेला माणूस एखाद्या दिवशी पुन्हा घेतो. हे फार जणांच्या बाबतीत होतं. त्या दिवशी घरात "आम्हाला माहीतच होतं" हे वाक्य निघालं तर तो पुढची वेळ लपवेल. गर्दच्या बाबतीत हे लपवणं जीवघेणं आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीइतकीच मात्रा एकदम घेतली तर श्वास थांबू शकतो. "आज चुकलो" हे त्याला ज्या घरात पहिल्याच दिवशी सांगता येतं, त्या घरातला माणूस वाचण्याची शक्यता जास्त.

स्त्रियांबद्दल थोडं बोलतो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. पुरुष दाखल होतो तेव्हा बायको डबा घेऊन भेटायला येते. बाई दाखल झाली की भेटायला येणारं सहसा कोणी नसतं, आणि बऱ्याचदा ती दाखलच होत नाही, कारण घराची अब्रू. हा अन्याय आहे आणि तो आपल्याच घरांतून होतो.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. बाकीच्यांना अडवणाऱ्या गोष्टींत लाज मोठी आहे, आणि अंमली पदार्थांच्या बाबतीत पोलिसांची धास्ती. 1985च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात 64-अ हे कलम आहे. थोड्या प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं. हे घराघरांत माहीत व्हायला हवं.

श्रोतेहो, तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी असेल तर 14446 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. व्यसनी माणूस तयार नसला तरी तुम्ही स्वतः सल्ला घ्या, वाट पाहू नका. लग्नकार्यात, मित्रांच्या बैठकीत कोणी "नको" म्हणाला तर पुन्हा आग्रह करू नका. आणि तुमचं दुकान, वर्कशॉप, गॅरेज असेल आणि केंद्रातून आलेला मुलगा काम मागायला आला, तर त्याला काम द्या.