अडीच वॉटांचा संसार



वैशाखाच्या उकाड्यात आम्ही आपणांपुढे उष्णतेचाच विषय घेऊन उभे राहिलो, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. बिटकॉइनचे खाणकाम म्हणजे एकच गणित संख्या बदलून पुन्हा पुन्हा करीत राहणे. २०१३ साली आलेली ‘ब्लॉक इरप्टर’ ही बोटभर कांडी संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये बसे आणि ते गणित सेकंदास सुमारे ३३ कोटी वेळा करी. तिच्या कमाईचा हिशेब आम्ही मांडत नाही. मांडण्याजोगा तो उरलेलाही नाही. आमचे कुतूहल निराळे आहे. ती याहून जलद का केली नाही?

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टांवर ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. कांडीची भूक जवळपास तेवढीच. आणि खाल्लेल्या विजेची अखेर सारी उष्णताच होते. आता २ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर लांब अशी उघडी कांडी घ्या. दोन्ही बाजू मिळून २० चौरस सेंटिमीटर. स्थिर हवा एका चौरस मीटरावरून, तापमानाच्या दर अंशाच्या फरकामागे, सुमारे १० वॉट वाहून नेते. म्हणजे अडीच वॉट घालवायला कांडी हवेपेक्षा सव्वाशे अंशांनी तापली पाहिजे! म्हणून ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, म्हणून पंखा. आणि पंख्याला पुन्हा वीज. यूएसबी ३.० चा पोर्ट साडेचार वॉट देतो खरा, पण कांडीची कातडी तेवढीच राहते.

शहाणा रचनाकार दुसऱ्या वाटेने जातो. चिपमधील विजेचा खर्च मुख्यतः व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असतो. दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवा. काम दहा टक्क्यांनी घटेल, उष्णता सत्तावीस टक्क्यांनी.

आम्ही मात्र शहाणे नव्हतो. एका हबवर आम्ही दहा कांड्या लावल्या. पंचवीस वॉट, म्हणजे ५ अँपिअर, असा आमचा सरळ हिशेब. पण अडॅप्टरच्या बारीक तारेचा रोध ०.२ ओहम धरला, तरी एक व्होल्ट तारेतच जातो. कांडीतील नियामक तर चिपला ठरलेली शक्ती देणारच. व्होल्ट कमी आले की तो अधिक अँपिअर ओढतो, त्याने व्होल्ट आणखी पडतात. व्याज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे, तसे. हा खेळ स्थिरावतो तेव्हा जवळजवळ ७ अँपिअर वाहत असतात आणि एकट्या तारेत साडेनऊ वॉट जळत असतात. हे गणित आम्ही नंतर केले. आधी मध्यरात्री वास आला, तारेचे आवरण वितळलेले दिसले. शेजारच्या खोलीत मुले निजलेली होती.

सकाळी पाच कांड्या उपटल्या, जाड तार आणली आणि घरातला एकुलता एक टेबलपंखा हबकडे वळविला. आम्ही पलीकडे घाम पुसत बसलो.