देवदूताचं वचन आणि कापलेले दोर



नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७वा अध्याय रविवारी फारसा कानावर पडत नाही. त्यात दाखले नाहीत, स्तोत्रं नाहीत. आहेत ते दोर, नांगर, शीड, गहू आणि वावांनी मोजलेलं पाणी. पण देव आपल्याला सांभाळतो म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हाच अध्याय उघडायला सांगेन.

पौल कैदी म्हणून रोमला निघाला आहे. गलबत आलेक्सांद्रियाचं, गहू भरून इटलीकडे चाललेलं. प्रवासाचा हंगाम सरलेला. क्रेत बेटाच्या बंदरात पौल बजावतो, आता पुढे जाल तर माल जाईल, गलबत जाईल, जीवही जातील. हे सांगताना तो कुठल्या दृष्टान्ताचा हवाला देत नाही. त्याआधी तीनदा त्याचं गलबत फुटलं होतं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्यानंच तसं लिहून ठेवलं आहे. म्हणजे बोलत होता तो पोळलेला माणूस. पौलाला नेणाऱ्या शताधिपतीनं मात्र तांडेलाचं आणि मालकाचं ऐकलं.

मग वादळ. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. लोकांनी आशा सोडली, तेव्हा रात्री देवाचा दूत पौलाजवळ उभा राहिला आणि गलबतावरचे सगळे जीव तुला दिले आहेत, असं त्यानं सांगितलं.

वचन मिळालं. आता पुढचं बघा. चौदाव्या रात्री खलाशांनी खोली मोजली, २० वाव भरली. थोडं पुढे गेल्यावर १५. खडकांवर आदळण्याच्या भीतीनं त्यांनी मागच्या बाजूनं चार नांगर टाकले. मग पुढूनही नांगर टाकायचे आहेत असं भासवून ते गुपचूप होडी पाण्यात सोडू लागले. पळून जायचा बेत होता. पौलाच्या ते लक्षात आलं आणि तो शताधिपतीला म्हणाला, ही माणसं गलबतावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले.

कुणालाही धक्का लागणार नाही असं दूतानं सांगितलेलंच होतं, मग खलाशी गेले तर बिघडलं काय? पौलाच्या मनात हा प्रश्न आलेला दिसत नाही. देव वाचवणार, म्हणजे ज्यांना गलबत हाकता येतं त्यांच्या हातांनी वाचवणार, हे त्यानं गृहीतच धरलं आहे. पुढे तो सगळ्यांना जेवायला लावतो, कारण पोटात काही नसेल तर किनारा गाठणार कसा? गलबतावर २७६ माणसं होती. ज्यांना पोहता येत होतं ते पोहत, बाकीचे फळ्या धरून, सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागले. गलबत मात्र फुटलं, आणि गहू तर आधीच समुद्रात गेला होता.

वचनाचा उलटा वापरही होतो. सैतानानं येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेलं आणि उडी टाक म्हणून सुचवलं, तेव्हा सैतानाच्या तोंडी ९१वं स्तोत्र होतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत तेच दारावर टांगलेलं असतं, आणि असावंही. पण गाडीच्या आरशाला क्रूस लटकवून सीटबेल्ट खांद्यामागे टाकणाऱ्या माणसानं ते स्तोत्र येशूसारखं वाचलं आहे की दुसऱ्यासारखं, हे त्यानंच ठरवावं. अमेरिकेत अ‍ॅपलाचिया भागातल्या काही छोट्या मंडळ्यांत उपासनेच्या वेळी विषारी साप हातात धरतात. ही प्रथा पसरवणारे जॉर्ज हेन्सली १९५५ साली सर्पदंशानंच वारले. माल्टाला पौलाच्या हातालाही साप डसला होता, पण पौल तिथे शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता.

याची दुसरी बाजूही आहे, नाहीतर सावधपणाच्या नावाखाली आपण घरात दडून बसू. १५२७ साली विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ दुसरीकडे हलवलं गेलं, पण मार्टिन ल्यूथर गावातच राहिला. त्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो की औषध घ्यावं, घराला धुरी द्यावी, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नये. मात्र शेजाऱ्याला गरज असेल तर प्लेगच्या घरातही जावं. मला वाटतं, धाडस आणि बेफिकिरी यांतला फरक इथे सापडतो: धोका कुणासाठी पत्करला? दुसऱ्यासाठी, की आपला विश्वास लोकांना दिसावा म्हणून?

आता अवघड भाग. ‘प्रेषितांची कृत्ये’च्याच आधीच्या एका अध्यायात हेरोद राजानं याकोबाला तलवारीनं मारलं आणि त्याच अध्यायात पेत्राला दूतानं तुरुंगातून सोडवलं. दोघेही प्रेषित. असं का, याचं उत्तर पवित्र शास्त्र देत नाही, आणि मीही देणार नाही. पण मयताच्या घरी जाऊन “तुमचा विश्वास कमी पडला” असं बोलणारी माणसं आपल्यात आहेत. प्रार्थनेनंतर मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, असं सांगणारेही आहेत. असा सल्ला कुणी दिला तर प्रार्थना जरूर करून घ्यावी, आणि गोळ्यांचं काय ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. पौलाच्या सोबत तर लूक नावाचा वैद्य असे. त्याचा सहकारी तीमथ्य याला पोटाचा त्रास होता, त्यावर पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आणि त्रफिम हा त्याचा सोबती आजारी पडला, तेव्हा त्याला मिलेत गावी मागे ठेवून पौलाला पुढे जावं लागलं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी हे एका वाक्यात येतं. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल तिथे एक अक्षरही नाही.