शाळेच्या दारापर्यंत

(सावर्डे, तालुका चिपळूण येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सावर्डे हे गाव महामार्गावर आणि कोकण रेल्वेच्या मार्गावर वसलेले आहे. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या विद्यालयांत व कलामहाविद्यालयात शिकण्यासाठी येथे दूरदूरच्या गावांहून विद्यार्थी येतात. परंतु याच परिसरातील एखाद्या वाडीवर पायांत बळ नसलेले मूल असेल, तर त्याला अर्ध्या किलोमीटरवरील प्राथमिक शाळा मुंबईहूनही दूर वाटते. आधी जांभ्या दगडाची पाखाडी, मग वहाळावरचा साकव, आणि शेवटी शाळेच्या जोत्याच्या तीन पायऱ्या. आईने कडेवर घेऊन आणले तर मूल शाळेत येते. आई लावणीला गेली की त्याची गैरहजेरी लागते. हजेरीपटावर त्या गैरहजेरीचे कारण कोठेही लिहिलेले नसते.

अशा मुलाची अडचण त्याच्या पायांत आहे, अशी आपली समजूत असते. थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, अडचणीचा अर्धा भाग पायांत असला तरी उरलेला अर्धा पायरीत आहे. पायांवर उपचार करणे वैद्यांचे काम होय. पायरीवर उपचार करणे मात्र शाळेच्या हाती आहे.

हा उपचार कोणाच्या दयेवर सोडलेला नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शाळेच्या इमारतीसाठी जी मानके घालून दिली, त्यांत अडथळारहित प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आणि शाळेची इमारत, आवार व इतर सोयी अशा मुलांना वापरता येतील अशा असाव्यात, असे बंधन घातले. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुलभतेची किमान मानके ही केवळ शिफारस म्हणून राहू नयेत, ती बंधनकारक असावीत.

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळावे. यू-डायसच्या माहितीत रॅम्प आहे काय, कठडा आहे काय, असे प्रश्न असतात आणि आपण ‘होय’ असे उत्तर भरतो. परंतु तो रॅम्प चढता येण्याजोगा आहे काय, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःलाच विचारावयाचा असतो. नियम सोपा आहे : एक भाग उंचीसाठी बारा भाग लांबी. प्रत्येकी पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर जोत्याची उंची पंचेचाळीस सेंटीमीटर झाली. तिच्यासाठी पाच मीटर चाळीस सेंटीमीटर लांबीचा रॅम्प हवा. तोच जागेअभावी दोन मीटरांत उरकला, तर त्यावरून चाकाची खुर्ची मुलाला स्वतः वर नेता येत नाही, आणि उतरताना ती हातची सुटते. असा रॅम्प नसलेलाच बरा असे नव्हे. पण त्याला रॅम्प म्हणून समाधान मानणे बरे नव्हे. समोर जागा नसेल तर भिंतीला समांतर नेऊन मध्ये वळण देता येते.

रॅम्पची रुंदी किमान एकशेवीस सेंटीमीटर असावी. वर व खाली दीड मीटरची सपाट जागा असावी, म्हणजे खुर्ची थांबवून वळविता येते. दोन्ही बाजूंस शहात्तर व नव्वद सेंटीमीटर अशा दोन उंचींवर कठडे असावेत. खालचा कठडा लहान मुलांच्या हाताला येतो. वर्गाच्या दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटीमीटर असावी व उंबरठा नसावा.

कोकणात यापुढेही एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पाऊस. घोटीव कोबा उन्हाळ्यात सुंदर दिसतो, परंतु श्रावणापर्यंत त्यावर शेवाळ धरते आणि धडधाकट मूलही घसरते. म्हणून पृष्ठभाग खरखरीत ठेवून त्यावर आडव्या रेघा ओढाव्यात. छपराच्या पागोळ्या नेमक्या रॅम्पवर पडत असतील तर पन्हळ लावावी अथवा वर पत्रा घालावा. मंद दृष्टीच्या मुलांसाठी प्रत्येक पायरीच्या कडेस पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा. त्यास एक लहान डबा रंग पुरतो.

वर्गात पोहोचलेले मूल दिवसभर तेथे राहू शकले पाहिजे. घरी जाईपर्यंत स्वच्छतागृहाची वेळ येऊ नये म्हणून काही मुले दिवसभर पाणी पीत नाहीत. ती हे कोणास सांगत नाहीत, आणि शिक्षकाने विचारल्याशिवाय ते कळतही नाही. दिव्यांग मुलांसाठी बांधलेले स्वच्छतागृह कुलूप लावून त्यात मोडकी बाके ठेवण्यासाठी नव्हे. त्याचे दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे मूल आत पडले तरी दार अडणार नाही. आत खुर्ची वळण्यास जागा व धरावयास भक्कम दांडी असावी. पाण्याचा एक नळ बसलेल्या मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असावा आणि तेथपर्यंतची वाट चिखलाची नसावी.

अशा सोयींनी काय साधते, याचे उदाहरण कोल्हापुरास आहे. नसीमा हुरजूक यांना किशोरवयात पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. त्यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. तिच्या उचगाव येथील ‘घरौंदा’ वसतिगृहात मुलांना उचलून न्यावे लागू नये, त्यांनी स्वतः हिंडावे, अशी रचना केली गेली. आपल्या जिल्ह्यातही मंडणगड तालुक्यात घराडी येथे अंध मुलांसाठी ‘स्नेहज्योती’ हे निवासी विद्यालय चालते. अशा संस्था आदरणीय आहेत. तथापि प्रत्येक मुलाने घर सोडून दूर जावे, हा त्यावरील उपाय नव्हे. भावंडे ज्या शाळेत जातात तीच शाळा त्यालाही मिळावी, हे उचित होय.

सर्व कामे शिक्षकाच्या हातची नाहीत, बांधकामास निधी लागतो, हे खरे. पण मोजणीस निधी लागत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना मोजपट्टी देऊन जोते, रॅम्प, दारे व नळ यांची मापे घेण्यास लावावे. गुणोत्तराचा पाठ त्यातच होईल. ती मापे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावीत, ठराव करून ग्रामपंचायतीकडे व पंचायत समितीकडे पाठवावीत. ‘रॅम्पची दुरुस्ती व्हावी’ या मोघम मागणीपेक्षा ‘लांबी दोन मीटर आहे, पाच मीटर चाळीस सेंटीमीटर हवी’ ही मागणी नाकारणे कठीण असते. तोवर ज्या वर्गात असे मूल आहे तो वर्ग सर्वांत कमी पायऱ्यांच्या खोलीत हलवावा. त्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

येत्या सोमवारी शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने क्षणभर पहिल्या पायरीपाशी थांबावे, आणि पाय उचलता येत नसता तर आत कसे जाता आले असते, याचा विचार करावा. मग फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून नळापर्यंत व स्वच्छतागृहापर्यंत एकदा चालून पाहावे. जेथे वाट अडेल तेथे खडूने खूण करावी. कामाचा आरंभ त्या खुणेपासून करावा.