गोठा नाही, तरी गॅस

आयाबहिणींनो, तुम्ही मागे का बसलात? जरा पुढे सरका. आजची गोष्ट चुलीची आहे, आणि चुलीतले तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त कळते.

गोबर गॅस तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा गोबर गॅस करून दाखवला. १९६० नंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. काम चांगले झाले. पण त्यात एक मेख होती. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा पेटीत मावेल एवढ्या गॅसला एक घनमीटर म्हणतात. तेवढा गॅस रोज हवा असेल तर रोज सुमारे २५ किलो शेण लागते. एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते. म्हणजे दावणीला तीन जनावरे तरी हवीतच. मग ज्याच्या दारात एक शेळी आणि चार कोंबड्या, त्याने काय करायचे? त्याच्या बायकोने फुंकणी घेऊन डोळे चोळत बसायचे! आणि ज्यांनी जनावरे विकली, त्यांच्या टाक्या गंजून गेल्या. तशा टाक्याही तुम्ही पाहिल्या असतील.

आता मला सांगा, शेण म्हणजे काय? गाईने चारा खाल्ला. पोटात पचवला. त्यातला कस काढून घेतला. उरले ते शेण. गुऱ्हाळात रस निघाला की चिपाड उरते ना, तसेच हे. चिपाडात गोडी असते, पण कितीशी? त्या उरल्यासुरल्या गोडीवर आपण गॅस करीत होतो. मग चिपाडाऐवजी ऊसच घातला तर?

हा विचार पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी केला. त्यांची संस्था ‘आरती’ या नावाने ओळखली जाते. २००३ साली त्यांनी घरगुती टाकी तयार केली. तिच्यात शेणाऐवजी खाण्यातले वाया गेलेले पदार्थ घालायचे. किडके धान्य, गिरणीत खाली सांडलेले पीठ, आंबलेला भात, शिळी भाकरी, केळीचे कांदे, करंजासारख्या बियांची पेंड. त्यांचा हिशोब असा की, पिठासारखे कोरडे खाद्य दोन किलो घातले तर जळणारा वायू अर्धा किलो मिळतो. आणि तोही एका दिवसात. तेवढ्याच वायूला शेण लागायचे ४० किलो, आणि ते पुरते कुजायला ४० दिवस. या टाकीला २००६ साली इंग्लंडात अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

अर्धा किलो म्हणजे किती, ते पाहू. बाजारच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो घरात दीड महिना पुरला, तर रोजचा खर्च तीनशे ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे अर्ध्या किलोत घर चालते.

पण थांबा, लगेच हरखून जाऊ नका. दोन किलो म्हटले ते कोरडे पीठ. आपले खरकटे ओले असते, त्यात बहुतेक पाणीच. ओले खरकटे दहा किलो जमले तर एक घनमीटर गॅस होतो. एका घरचे किलोभर खरकटे घातले तर चहा होईल, स्वयंपाक नाही. म्हणून चार घरांनी मिळून करावे, नाहीतर गिरणीवाला, खानावळवाला, वसतिगृह यांच्याकडून रोजचे वाया जाणारे मागून आणावे. खाण्याजोगे धान्य मात्र टाकीत घालू नका. ते पोटासाठी आहे.

टाकी अगदी साधी. पाणी साठवायच्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या घ्यायच्या. एक हजार लिटरची, दुसरी साडेसातशे लिटरची. मोठीत कालवण भरायचे, लहान तिच्यात उपडी घालायची. गॅस साठला की उपडी टाकी वर येते. गॅस वापरला की खाली बसते. किती शिल्लक आहे ते दुरूनच दिसते. शेगडीचे गॅस येण्याचे भोक मात्र मोठे करून घ्यावे लागते, कारण या गॅसला जोर कमी असतो.

आत काय चालते? आत सूक्ष्म जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना हवा चालत नाही. काही जंतू अन्न फोडून आंबट करतात. दुसरे जंतू त्या आंबटाचा गॅस करतात. यातला निम्म्याहून जास्त भाग मिथेन, तोच जळतो. हे दुसरे जंतू गाईच्या पोटातही असतात. म्हणून पहिल्यांदा टाकीत शेणच कालवून घालायचे. दुधाला विरजण लावतो ना, तसे. शेण एकदाच, तेही शेजाऱ्याकडून मागून आणता येते. सुरुवातीचा गॅस पेटत नाही. तो सोडून द्यायचा. पंधरा दिवस, तीन आठवडे धीर धरायचा.

आणि इथेच पुष्कळांचे बिघडते. गॅस पेटला की माणसाला हाव सुटते. लग्नातला उरलेला भात आला, की घमेलेभर एकदम ओतला! आंबट करणारे जंतू जोरात चालतात, गॅस करणारे मागे पडतात. टाकी आंबते. गॅस बंद होतो. बैलाला एकदम दाणे जास्त झाले तर पोट फुगते, तसेच आहे हे. म्हणून रोज, ठरल्या वेळी, मोजून घाला. आधी बारीक करा, पाण्यात कालवा. टाकी आंबलीच तर आठ दिवस उपास द्या. थोडे शेणकाला घाला. साबणाचे पाणी, फिनेल, लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली, हाडे, अंड्यांची टरफले हे आत नको. थंडीत जंतू सुस्त होतात, तेव्हा घास कमी करा.

एका गावी एका आजीबाईंनी विचारले, “उष्ट्या-खरकट्याचा जाळ देवाच्या नैवेद्याला चालेल का रे बाबा?” मी म्हटले, “आजी, शेणाच्या गोवरीवरचा चालतो ना?” त्या हसल्या. बाकीचे देव आणि त्या पाहून घेतील.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुन्या गोबर गॅसच्या खड्ड्यात कोणीही उतरायचे नाही. गाळ काढायलासुद्धा नाही. आत श्वासाला हवा नसते, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. तो जास्त झाला की नाक बधिर होते, वासही येत नाही. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. गाळ वरूनच काढावा. टाकीजवळ विडी नको, काडी नको.

टाकीतून रोज बाहेर येणारे पाणी फेकू नका. थोडे उद्याच्या कालवणाला घ्या, बाकीचे वांग्या-मिरचीला. अन्नातले खत त्यातच राहते, गॅसबरोबर उडून जात नाही. शहरांनीही आता हे धरले आहे. इंदूरला २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकेल असा कारखाना सुरू झाला. त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या चालाव्यात अशी योजना होती.

ज्याला टाकी बसवायची आहे, त्याने आधी खर्च करू नये. घरात एक झाकणाची बादली ठेवावी. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, तर एक वही करा. रोज रात्री बादली तोला आणि तारीख घालून वजन लिहा. पंधरा दिवस लिहा. रोज किलोभरच भरत असेल, तर शेजारच्या तीन घरांनाही वही करायला सांगा, आणि मग चारी वह्यांची बेरीज घेऊन माझ्याकडे या.