पुड्यातले पीठ आणि कॅरॅमलच्या वड्या



कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या गृहस्थाने स्वयंपाकघरात कशाला शिरावे, असे आजच्या भाषणाचे नाव ऐकून काहींच्या मनात येईल. पण अर्थशास्त्र जेवढे बाजारात असते तेवढेच घरातल्या फडताळावरही असते. तेव्हा थोडा वेळ माझ्याबरोबर एका अमेरिकन घरातल्या फडताळापाशी चला.

अमेरिकेत शाळेच्या सहलीसाठी, नाही तर शाळेच्या बँडसाठी पैसे उभे करायचे झाले, की पालक घरून गोडधोड करून आणतात आणि शाळेतच टेबल मांडून ते विकतात. चर्चच्या सहभोजनालाही प्रत्येक घरून काही ना काही येते. अशा टेबलावर जो पदार्थ हमखास दिसतो त्याला तिकडे ‘बार’ म्हणतात. आपण त्याला सरळ वडी म्हणू. ताटात थापायची, निवली की चौकोनी कापायची. फरक इतकाच, की ती भट्टीत भाजलेली असते. आज मी जिच्याविषयी सांगणार आहे त्या वडीत खाली आणि वर चॉकलेटच्या केकचा थर असतो आणि मधोमध दाट, चिवट कॅरॅमल. ती फार सोपी समजली जाते, कारण केकचे पीठ घरी कालवायचे नसते. ते दुकानातून पुड्यात तयार येते.

हा पुडा आला कुठून? त्याचे मूळ चक्क काकवीत आहे. पिट्सबर्ग शहरात पी. डफ अँड सन्स नावाची काकवीचा व्यापार करणारी कंपनी होती. १९२९ नंतरच्या मंदीच्या वर्षांत जॉन डफ यांनी काकवी पिठात मिसळून, वाळवून तिची भुकटी करण्याची युक्ती काढली. त्या भुकटीत पाणी घातले की आल्याच्या केकचे पीठ तयार. १९३० साली त्यांनी अर्ज केला आणि १९३३ साली त्यांना पेटंट मिळाले. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर मोठमोठ्या पीठगिरण्या या धंद्यात उतरल्या. बायका घरी पाव भाजीनाशा झाल्या होत्या, पिठाचा खप वाढवायचा होता. तेव्हा नुसते पीठ विकण्यापेक्षा साखर, चरबी, दुधाची भुकटी आणि बेकिंग पावडर घातलेले पीठ विकणे फायद्याचे होते. बेकिंग पावडरीची गंमत शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावी. तिच्यात सोडा आणि कोरडे आम्ल शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने पडून असतात. पाणी लागले, की दोघांचे भांडण जुंपते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. तोच केक फुगवतो. हा समझोता कोरडेपणावर उभा आहे म्हणून तर पुडा महिनोन्‌महिने टिकतो.

या पुड्याची एक कथा जाहिरातीच्या वर्गांत फार सांगतात. ती अशी, की पूर्वी पुड्यात अंड्याचीही भुकटी असे. बाईला नुसते पाणी घालायचे, त्यामुळे आपण काहीच केले नाही असे तिला वाटे आणि ती पुडा घेईना. मग व्हिएन्नाहून आलेले मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट डिख्टर यांनी सल्ला दिला, की अंडे काढून टाका, ते तिलाच घालू द्या. आणि खप वाढला! गोष्ट चटकदार आहे, पण तारखांशी जुळत नाही. ताजी अंडी घरी घालण्याचे पीठ डफ कंपनीने १९३५ सालच्या पेटंटातच मांडले होते. आणि ताज्या अंड्याचा केक भुकटीच्या केकापेक्षा चवीला चांगला होतो, हे कळायला मानसशास्त्र कशाला हवे? लॉरा शॅपिरो यांनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात या कथेची चांगली छाननी केली आहे.

तिकडच्या रेडिओचीही यात एक भूमिका आहे, म्हणून सांगतो. बेटी क्रॉकर या बाई अमेरिकेत घरोघर ठाऊक. त्यांची पाककृतींची शाळा १९२४ सालापासून रेडिओवर चाले. १९४५ साली एका नामांकित मासिकाने त्यांना देशातली दुसऱ्या क्रमांकाची लोकप्रिय स्त्री ठरवले. पहिल्या होत्या एलिनॉर रूझवेल्ट. आणि बेटी क्रॉकर मुळात जन्मल्याच नव्हत्या! मिनिआपोलिसच्या एका पीठगिरणीने गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी १९२१ साली घेतलेले ते नाव. रेडिओवर बोलणारा आपला हा प्राध्यापक मात्र हाडामांसाचा आहे, एवढी खात्री बाळगा.

आता वडीकडे वळू. चॉकलेट केकचा एक पुडा घ्यायचा. बहुधा त्यावर ‘जर्मन चॉकलेट’ असे लिहिलेले असते. जर्मनीशी त्याचा काडीचा संबंध नाही. १८५२ साली सॅम्युएल जर्मन नावाच्या कारागिराने एक गोड चॉकलेट तयार केले, त्याच्या आडनावावरून ते नाव पडले. या पिठात पाऊण कप, म्हणजे १७० ग्रॅम, पातळ केलेले लोणी आणि एक तृतीयांश कप आटीव दूध घालायचे. हे दूध डब्यात मिळते आणि त्यात साखर नसते. दुधातले निम्म्याहून अधिक पाणी उडवलेले असते एवढेच. शिवाय एक कप अक्रोडाचे तुकडे. अंडे नाही, पाणीही नाही. ज्या अंड्यावरून एवढी कथा रचली गेली, ते या वडीत लागतच नाही. ओलावा कमी, म्हणून पीठ घट्ट राहते, फार फुगत नाही आणि केकाऐवजी वडी होते.

निम्मे पीठ तेरा इंच लांब आणि नऊ इंच रुंद अशा तुपट ताटात थापायचे आणि साडेतीनशे अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या सेल्सिअसच्या १७५ ते १८० अंशांवर, सहा-सात मिनिटे भाजायचे. तोवर कॅरॅमलच्या गोळ्यांची पिशवी फोडून त्या आणखी एक तृतीयांश कप आटीव दुधात अगदी मंद आचेवर विरघळवायच्या. प्रत्येक गोळीचा कागद सोडवायचा असतो. ते काम पोरांकडे द्यावे, आणि चार गोळ्या कमी भरतील हे धरून चालावे. भाजलेल्या थरावर एक कप चॉकलेटचे तुकडे पसरायचे, त्यावर कॅरॅमल ओतायचे, त्यावर उरलेल्या पिठाचे चपटे तुकडे मांडायचे आणि पुन्हा अठरा ते वीस मिनिटे भाजायचे.

यात खरी पाककला कुठे आहे? पिठात नाही, ती कॅरॅमलमध्ये आहे. आणि कॅरॅमल समजायला आपल्या बायकांना अमेरिकेला जायला नको. साखर, मक्याचा पाक, दूध आणि लोणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवले, की ही गोळी होते. तिकडे उष्णतामापक नसला, तर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते बघतात. आपल्याकडे लाडवाला बघतात तोच हा गोळीबंद पाक! एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही आपली शिडी आणि तिकडची शिडी, दोन्ही साखरेतल्या पाण्याच्याच पायऱ्या. मक्याचा पाक घालतात तो साखरेची कणी होऊ नये म्हणून. आपण पाकात लिंबू पिळतो तेही त्याचसाठी. रंगाचे म्हणाल तर तो नुसत्या साखरेचा नव्हे. दुधातली प्रथिने आणि शर्करा तापून एकत्र आली, की तो तपकिरी रंग आणि खरपूस वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग याच क्रियेचा आहे.

इथवर सगळे गोडच झाले. आता पुड्याच्या मापाचे बोलू.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे संसार करते. तिच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. नातवंडांसाठी, शाळेसाठी, चर्चसाठी त्यांनी या वड्या तीसेक वर्षे केल्या. त्यांच्याकडे पाककृतीचे एक पिवळे पडलेले कार्ड आहे. त्यावर लिहिले आहे, ‘केकचे पीठ, एक पुडा. कॅरॅमल, एक पिशवी.’ अलीकडे काही वर्षे वड्या बिघडू लागल्या. खालचा थर पातळ, हाताला लोणी सुटते, मधला थर पुरत नाही. आजींनी ताट बदलले, भट्टी तपासून घेतली. शेवटी त्या माझ्या विद्यार्थिनीला म्हणाल्या, “मुली, माझाच हात आता गेला.” आणि त्यांनी वड्या करणे सोडले.

हात गेला नव्हता. पूर्वी केकचा पुडा १८.२५ औंसांचा, म्हणजे ५१७ ग्रॅमचा असे. २०१२ सालच्या सुमारास तो १५.२५ औंसांवर, म्हणजे ४३२ ग्रॅमवर आला. पुढे काही पुडे १३.२५ औंसांपर्यंत उतरले. कॅरॅमलची १४ औंसांची पिशवी ११ औंसांची झाली. खोके तसेच, त्यावरचे चित्र तसेच. बदललेला आकडा खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला. लोणी मात्र कार्डाप्रमाणे पाऊण कपच पडत होते. कमी पिठात तेवढेच लोणी घातले, तर हाताला सुटणार नाही तर काय?

माझ्या विद्यार्थिनीने नव्या पुड्याचे वजन केले आणि कार्डाच्या मागच्या बाजूला ‘पुडा’ शब्दाऐवजी औंस लिहून दिले. दुसरा पुडा फोडून तीन औंस पीठ अधिक घालायचे आणि तीन औंसांच्या गोळ्या वाढवायच्या, झाले. आजींचे पहिले ताट उतरले, तेव्हा त्यांनी तिला बोलावून वडीचा कोपरा दिला. भाजलेल्या वडीचा कोपरा तिकडेही मानाचा.

मला यात कंपनीला शिव्या घालायच्या नाहीत. गहू महागतो, मजुरी वाढते, आणि किंमत वाढवण्यापेक्षा वजन उतरवणे गिऱ्हाइकाला कमी टोचते. हा हिशेब आपल्याकडचेही कारखानदार करतात. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा हातात घेऊन बघा. किंमत वर्षानुवर्षे तीच, पुडा तेवढा हलका होत आला. पण बिस्किट नुसते खायचे असते. ज्या पुड्यावर घरातली पाककृती उभी आहे, तो हलका झाला तर पाककृतीच मोडते, आणि दोष जातो करणारीच्या हाताला. आपल्याकडेही तयार पिठे नवी नाहीत; पुण्याची गिट्स कंपनी १९६३ साली निघाली, आणि गुलाबजामचा पुडा आज खेड्यातल्या दुकानातही मिळतो. तेव्हा वहीत पाककृती उतरवताना ‘एक पुडा’ असे न लिहिता ग्रॅम लिहावेत. निव्वळ वजन वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे, ते वाचायचे तेवढे आपल्याकडे.

गुरुजींना यात सातवीच्या वर्गाचे एक चांगले गणित आहे. १८.२५ चे १५.२५ झाले, तर शेकडा किती घट? साडेसोळाच्या जवळ येते. १४ चे ११ झाले तर? एकवीसच्या वर. किंमत तीच राहिली, तर दर औंसामागे भाव किती टक्के चढला, हे विचारा. मुले आधी तेच आकडे सांगतील, आणि मग फळ्यावर करून दाखवण्यात मजा आहे.

ज्यांना करून बघायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पीठ कच्चे असताना चाटू नये, मुलांनाही देऊ नये. मैदा हा कच्चा जिन्नस आहे. २०२१ साली अमेरिकेत केकच्या तयार पिठातून जंतुसंसर्ग होऊन माणसे आजारी पडली होती. तयार पीठ घेतले, तर त्यात अंड्याची भुकटी आहे की नाही, हे न खाणाऱ्यांनी वेष्टनावर पाहावे. डब्यातले आटीव दूध मिळाले नाही, तर साधारण साडेतीनशे मिलिलिटर दूध आटवून १६० करावे. ते दोन्ही वेळच्या घालण्याला पुरते. भट्टी नसेल, तर सगळे जिन्नस निम्मे घेऊन, शिटी आणि रबरी कडे काढलेल्या कुकरमध्ये, तळाशी जाड मीठ पसरून मंद आचेवर भाजता येते. वेळ जास्त लागतो आणि लक्ष ठेवावे लागते. गावात बेकरी असेल, तर पूर्वी नानकटाईचे ताट जसे भट्टीवर नेत तसे न्यावे.

वड्या गरम असताना कापू नयेत. कॅरॅमल वाहून जाईल. ताट रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकाच दाबात खालपर्यंत न्यावी. आणि प्रत्येक कापाला सुरी पुन्हा पुसावी.